‘बीसीएम गेलं’ म्हणजे नक्की काय गेलं? फोनला दुरुस्तीचे गुण मिळणार, मग गाडीचं काय?

मे २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे एका समितीचा अहवाल आला. विषय होता ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’, म्हणजे एखादी वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे गुण. फोन किती सहज उघडतो, सुटे भाग वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती कंपनी देते का, सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं येतात, या गोष्टींवर हे गुण ठरावेत आणि ग्राहकाला ते खरेदी करतानाच दिसावेत अशी शिफारस आहे. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करायची आहे. बातमी चांगलीच आहे. पण ती वाचताना माझ्या डोक्यात फोन नव्हता, गाडी होती.

आमच्या वाशिमच्या गॅरेजांमध्ये गेल्या दोन-तीन वर्षांत एक वाक्य फार ऐकू येतं: "बीसीएम गेलं." काच वर जात नाही, बीसीएम गेलं. इंडिकेटर वेड्यासारखा लुकलुकतो, बीसीएम गेलं. तीन दिवस गाडी उभी राहिली आणि बॅटरी उतरली, तरी बीसीएमच गेलं. पूर्वी डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणायचे, तसं हे झालंय. आणि या दोन शब्दांची किंमत गाडीनुसार दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत कितीही निघते.

हा डबा नेमका काय करतो, तो बिघडला की नाही हे कसं कळतं, आणि ते कळण्याची वाट आपल्याकडे कुणी अडवून ठेवली आहे, हे आज बघू.

बटण आता फक्त विनंती करतं

जुन्या मारुती ८०० मध्ये हिशेब सरळ होता. बॅटरीतून तार निघाली, फ्यूजमधून गेली, बटणाला आली, बटणातून दिव्याला. बटण दाबलं की तार जोडली जायची. दिवा लागला नाही तर टेस्ट लॅम्प घेऊन तारेच्या मागे मागे जायचं, एका ठिकाणी करंट थांबलेला सापडायचाच.

आताच्या गाडीत हेडलाइटचं बटण दिव्याला जोडलेलंच नसतं. ते बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे बीसीएमला, फक्त कळवतं की ‘मालकाला लाइट हवी आहे’. बीसीएम बघतं की किल्ली कुठे आहे, बॅटरीचा व्होल्ट किती आहे, मग आपल्या आतला रिले किंवा इलेक्ट्रॉनिक स्विच चालू करतं. इंडिकेटर, वायपर, काचा, सेंटर लॉक, हॉर्न, आतला दिवा, मागच्या काचेचा हीटर आणि बऱ्याच गाड्यांत किल्ली ओळखणारा इमोबिलायझरसुद्धा त्याच्याच हाताखाली असतो. फोनवर आयकॉन दाबल्यावर कॅमेरा उघडतो, पण बोट आणि कॅमेरा यांच्यामध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम असते ना, तसंच हे.

हा डबा इंजिनच्या कॉम्प्युटरशी, मीटरशी, एबीएसशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतो. या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगासमोर आणली. फायदा मोठा होता. प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी तार ओढायची गरज संपली, हार्नेस हलका झाला. तोटा असा की टेस्ट लॅम्पवाला माणूस एका झटक्यात निम्मा आंधळा झाला. तारेत करंट नाही म्हणजे तार तुटली, की बीसीएमने मुद्दाम दिला नाही? टेस्ट लॅम्पला हे कळत नाही.

आणि हा प्रश्न फक्त सोयीचा नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातले लोक कारंजा, शेलुबाजार, मालेगावहून वर चढून कारसाठी असलेल्या १२० च्या मर्यादेला टेकवून जातात. त्या वेगात रात्री पावसात वायपर बंद पडला किंवा हेडलाइट विझली तर ती बीसीएमची चूक की अर्थिंगची, याला काही अर्थ उरत नाही.

साडेअठरा हजारांचा अंदाज

माझ्या चुलत भावाकडे पुण्याहून आणलेली सेकंडहँड हॅचबॅक आहे. अशा एमएच-१२, एमएच-१४ च्या गाड्या आमच्याकडे भरपूर दिसतात. मागच्या पावसाळ्यात तिची तीन दुखणी एकदम सुरू झाली. रिमोटने लॉक केल्यावर साइड इंडिकेटर एकदा लुकलुकायचे ते बंद झाले. डाव्या बाजूची काच कधी चाले, कधी नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता ‘टक टक’. अकोल्याला एका अधिकृत सेंटरवर नेली. तिथे स्कॅनर लावला, दहा मिनिटांत सांगितलं, बीसीएम बदलावं लागेल, साडेअठरा हजार, शिवाय कोडिंगचे वेगळे. स्कॅनरवर कोणता कोड आला, असं भावाने विचारलं. "ते आमच्या सिस्टीममध्ये असतं," एवढंच उत्तर मिळालं.

गाडी परत वाशिमला आली, पुसद रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. मी त्या दिवशी सोबत होतो. मिस्त्रींनी स्कॅनर काढलाच नाही. म्हणाले, "आधी गाडीले विचारू द्या भाऊ, मंग मशीनले."

त्यांनी काय केलं ते नीट सांगतो, कारण बीसीएमचं निदान शिकायचं तर क्रम हाच आहे.

पहिली बॅटरी. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५. बीसीएम हा कॉम्प्युटर आहे. व्होल्ट पडला की तो विचित्र वागतो, आणि मरायला टेकलेली बॅटरी दहा वेगवेगळ्या बिघाडांचं सोंग घेते. इथे बॅटरी ठीक होती, फक्त उतरत होती.

दुसरी अर्थिंग. हेडलाइट आणि पंखा चालू करून मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन बीसीएमच्या अर्थ तारेला लावली. सगळं ठीक असेल तर इथे जवळपास शून्य दिसतं, ०.१ व्होल्टच्या आत. मीटरवर आलं १.६. म्हणजे बीसीएम ज्याला शून्य समजून चाललं होतं ते शून्य नव्हतंच, ते दीड व्होल्ट वर तरंगत होतं. पट्टीचा शून्य सरकला तर प्रत्येक माप चुकणार. एकाच वेळी तीन-चार असंबद्ध गोष्टी बिघडल्या की सगळे भाग एकदम खराब होण्यापेक्षा त्यांचा सामाईक धागा खराब असण्याची शक्यता जास्त, आणि असा सामाईक धागा म्हणजे अर्थ, सप्लाय, सॉकेट. बीसीएमचा नंबर त्याच्यानंतर.

तिसरी गोष्ट म्हणजे झोप. फोनसारखीच गाडीही झोपते. लॉक केल्यावर काही मिनिटांत, काही गाड्यांत अर्ध्या तासाने, सगळी मॉड्यूल झोपतात आणि बॅटरीतून फक्त काही मिलीअँपिअर करंट जातो. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर चिंता नको. आमच्या गाडीत पाऊण तासानंतरही ०.३८ अँपिअर चालू होता. हिशेब करून बघा. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी ५० मिलीअँपिअरने पूर्ण रिकामी व्हायला ७०० तास लागतात, म्हणजे महिनाभर. ०.३८ ने ९२ तास, चार दिवसही नाहीत. आणि बॅटरी पूर्ण रिकामी होण्याच्या बरीच आधी स्टार्टर हात टेकतो. तिसऱ्या दिवसाची ‘टक टक’ इथून येत होती.

मग प्रश्न, गाडी झोपत का नाही? सुगावा पहिल्या दुखण्यातच होता. लॉक केल्यावर इंडिकेटर लुकलुकत नाहीत म्हणजे गाडीला वाटतंय की एखादा दरवाजा उघडा आहे. उघड्या दाराची गाडी झोपत नाही.

मिस्त्रींनी बाजूच्या सीटपुढचं मॅट उचललं. खाली ओलं. एसीचं पाणी बाहेर सोडणारा पाइप कचऱ्याने तुंबला होता आणि पाणी थेंब थेंब आत, पायाजवळच्या सॉकेटवर पडत होतं. सॉकेटच्या दोन पिना हिरव्या पडल्या होत्या, शेजारचा अर्थचा बोल्ट गंजला होता. पाइप मोकळा केला, पिना साफ केल्या, बोल्टखालचा गंज घासून नवीन थिंबळ लावलं. झोपेतला करंट ०.०२ वर आला. बिल सातशे रुपये. बीसीएम तेच, आजही चालतंय.

म्हणजे प्रत्येक वेळी कंपनीचं सेंटर चुकतं आणि गल्लीतला मिस्त्री बरोबर असतो असं नाही. उलटी उदाहरणंही मी बघितली आहेत, हार्नेसमध्ये भलतीकडे जोड मारून ठेवल्याची. पण ओलं मॅट उचलून बघायला स्कॅनर लागत नाही, वेळ लागतो. आणि सेंटरमध्ये तासाला किती गाड्या बाहेर पडल्या याचा हिशेब असतो, हे विसरू नका.

आमच्या भागात अजून दोन गुन्हेगार नेहमीचे. एक उंदीर. सोयाबीनची रास घरी आली की गोठ्यापासून पोर्चपर्यंत त्यांची वर्दळ वाढते, आणि बोनेटखाली ऊब असते. दुसरा गुन्हेगार आपण स्वतः विकत घेतो, तो म्हणजे बाहेरून बसवलेले एलईडी. मूळ इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा असतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन अँपिअर. बीसीएम हा करंट मोजतं. एलईडी पाव अँपिअरही ओढत नाही, तेव्हा बीसीएमला वाटतं बल्ब फुटला, आणि ते मुद्दाम भराभर लुकलुकवून तुम्हाला इशारा देतं. म्हणजे तो बिघाड नाही, डबा आपलं काम चोख करतोय. हाच इशारा घेऊन लोक ‘बीसीएम गेलं’ म्हणत येतात!

फोनवरून स्कॅन होतं का? होतं, पण अर्धंच

तुमच्यापैकी अनेकांनी ऑनलाइन तो छोटा निळा डबा बघितला असेल, ईएलएम ३२७ नावाचा. काहीशे रुपयांना मिळतो, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये घालायचा, ब्लूटूथने फोनला जोडायचा, ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’सारखं ॲप उघडायचं. इंजिनचं तापमान, आरपीएम, चेक इंजिनचा कोड, सगळं मोबाइलवर. मजा येते, मी पण वापरतो.

पण कोडची चार घराणी असतात. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग, ‘बी’ म्हणजे बॉडी आणि ‘यू’ म्हणजे मॉड्यूलचं एकमेकांशी बोलणं. बीसीएमचं दुखणं बहुतेक ‘बी’ आणि ‘यू’ मध्ये असतं. आणि स्वस्त डबा-ॲपची जोडी मुख्यतः ‘पी’ वाचते.

असं का? ओबीडी सॉकेट तुमच्या सोयीसाठी आलंच नव्हतं. ते धुरासाठी आलं. अमेरिकेत १९९६ पासून, आपल्याकडे बीएस-४ च्या काळात, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ मुळे प्रत्येक नव्या गाडीत, ते सक्तीचं झालं कारण सरकारला प्रदूषण तपासायचं होतं. म्हणून कायद्याने जे कोड सगळ्यांना वाचता आले पाहिजेत, ते प्रदूषणाशी संबंधित आहेत. काच का अडकली याच्याशी कायद्याला देणंघेणं नव्हतं. तो भाग कंपनीच्या खासगी भाषेत राहिला.

तरी फोनवाल्याच्या हातात काहीच नाही असं नाही. कधी कधी ‘यू ०१४०’ हा कोड साध्या ॲपमध्येही दिसतो. त्याचा अर्थ ‘बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला’. लक्षात घ्या, तो ‘बीसीएम मेलं’ असं म्हणत नाही. फोन लागत नाही याचा अर्थ माणूस गेला असा होत नाही, रेंज नसेल, बॅटरी संपली असेल. आधी त्या डब्याचा फ्यूज, सप्लाय, अर्थ आणि मग दोन तारा बघायच्या.

त्या दोन तारांची परीक्षा फार सोपी आहे. बॅटरीची मायनस केबल काढायची, थोडा वेळ थांबायचं आणि ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टीमीटरने ओहम मोजायचे. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही मिळून ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. काही नवीन गाड्यांत मध्ये गेटवे असतो, तिथे हा आकडा फसवू शकतो. पण बऱ्याच साध्या गाड्यांत दीडशे-दोनशे रुपयांच्या मीटरने एवढं कळतं.

दोन सूचना. ॲपमध्ये ‘क्लिअर’ नावाचं मोठं बटण असतं, ते दाबायची घाई करू नका. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही पुसली जाते, आणि नंतर मिस्त्रीने बघायचं काय? दुसरं, तो निळा डबा सॉकेटमध्ये कायम ठेवू नका. तो स्वतः बॅटरी खातो, आणि बऱ्याच नकली डब्यांचा पासवर्ड १२३४ असतो. शेजारी उभा असलेला कुणीही जोडला जाऊ शकतो. आणि हो, स्टिअरिंग किंवा सीटखालच्या पिवळ्या सॉकेटला हात लावायचा नाही. ती एअरबॅगची वायरिंग आहे.

आता खरा अडथळा

समजा सगळं तपासलं, आणि बीसीएम खरंच गेलं आहे. भंगारातल्या तशाच गाडीचं बीसीएम तीन-चार हजारांत मिळतं. सॉकेट तेच, रंग तोच. बसवलं, तर गाडी स्टार्टच होत नाही. कारण डब्यात जुन्या गाडीचा चेसिस नंबर, तिच्या किल्ल्या, तिला सनरूफ होतं की नव्हतं, असं सगळं लिहिलेलं असतं. ते बदलायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. सॉफ्टवेअर डब्याला विचारतं, डबा एक आकडा देतो, त्याचं बरोबर उत्तर आलं तरच कुलूप उघडतं. आपल्या ओटीपीसारखं, फक्त ओटीपी मालकाच्या फोनवर येत नाही, कंपनीच्या सर्व्हरकडे असतो.

हे ऐकून आयफोनवाल्यांना काही आठवेल. एका आयफोनची अस्सल स्क्रीन दुसऱ्या आयफोनला लावली तरी ‘अनोळखी पार्ट’चा इशारा यायचा, काही सोयी बंद व्हायच्या. याला पार्ट्स पेअरिंग म्हणतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये त्यावर बंदी घालणारा कायदा केला, पण गाड्या त्यातून वगळल्या. फोनला न्याय आणि गाडीला वळसा, हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही म्हणायचा.

आपल्याकडची गंमत वेगळी आहे. या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशात अकरा-बारा वर्षांपूर्वीच दिलं गेलं आहे. २०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कार कंपन्या सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात देत नाहीत. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती, चौकशी वाढत गेली, आणि २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटींचा दंड ठोठावला. मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा, फोर्ड, सगळे त्यात होते. दंडापेक्षा आदेशातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि निदानाची साधनं मिळाली पाहिजेत. आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

पुढे कंपन्या वेगवेगळ्या न्यायालयांत गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड, निसान यांच्या बाबतीत दंड मोजण्याची पद्धत बदलून तो कमी केला, पण चूक झाली हा निष्कर्ष कायम ठेवला. मग २४ डिसेंबर २०२२ ला सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं आहेत: शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं. कल्पना उत्तम. पण पोर्टल म्हणजे मुख्यतः मॅन्युअल, वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटरच्या माहितीकडे नेणारी पाटी. बीसीएमची वायरिंग डायग्रॅम, ‘बी’ कोडचे अर्थ आणि कोडिंगचा परवाना पुसद रोडवरच्या मिस्त्रींना रास्त दरात मिळेल, अशी व्यवस्था अजून त्यांच्या दारापर्यंत आलेली नाही. ते काम चालवतात ते ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या डायग्रॅमच्या फोटोंवर.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच पोकळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरी बसून, चालत्या जीप चेरोकीचा ताबा इंटरनेटवरून घेऊन दाखवला. कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०२२ मध्ये लंडनमध्ये एका सायबर सुरक्षा संशोधकाचीच टोयोटा रॅव्ह-४ चोरीला गेली. चोरांनी पुढचा भाग उचकटून हेडलाइटच्या सॉकेटमधून कॅनच्या तारांना आपला डबा जोडला आणि दरवाजे उघडले. म्हणजे कुलूप हवंच. प्रश्न असा आहे की किल्ली कुणाकुणाकडे असावी.

युरोपने याचं उत्तर जरा धीटपणे दिलं आहे. फियाटच्या गाड्यांत सुरक्षा गेटवे आला आणि स्वतंत्र गॅरेजना आधी नोंदणी करा, पैसे भरा, मग कोड वाचा, असं सांगितलं गेलं. जर्मनीतली दोन दुरुस्ती कंपन्यांनी दाद मागितली, आणि ५ ऑक्टोबर २०२३ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की कायद्यात नसलेल्या अशा अटी कंपनीला सुरक्षेच्या नावाखालीही घालता येत नाहीत. सुरक्षेची जबाबदारी तुमची, पण तिच्या आडून बाजार बंद करू नका, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने तर २०१२ मध्येच दुरुस्तीच्या माहितीचा कायदा केला होता.

मला वाटतं, आपल्याकडे इंडेक्समध्ये गाडीही यायला हवी, आणि तिच्या गुणांत ‘बॉडी कोड सगळ्यांना वाचता येतात का’ हा एक प्रश्न असायलाच हवा. वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक, महाराष्ट्रातल्या चारांपैकी. इथून अकोला ऐंशी-एक किलोमीटर. ज्या कंपनीचं सेंटर गावात नाही, तिची बंद पडलेली गाडी टो करून नेण्याचाच खर्च मिस्त्रीच्या बिलाच्या कितीतरी पट होतो. पुण्यातल्या माणसाला हा कायद्याचा मुद्दा वाटेल. मानोऱ्याच्या माणसाला तो टोइंगच्या पावतीवर दिसतो.

मोबाइल रिपेअरवाल्यांसाठी एक गोष्ट

२०२१ मध्ये चिपची टंचाई आली तेव्हा सप्टेंबरमध्ये मारुतीचं उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांवर येईल असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेदरलँड्स आणि चीनच्या वादात नेक्सपेरिया कंपनीच्या चिप अडकल्या आणि जगभरच्या कार कंपन्या पुन्हा हादरल्या. नेक्सपेरिया काही भारी प्रोसेसर बनवत नाही. डायोड, ट्रान्झिस्टर, मॉसफेट, अगदी चिल्लर भाग. पण बीसीएमच्या बोर्डवर हेच चिल्लर भाग बसलेले असतात.

याचा दुसरा अर्थ असा की ‘गेलेल्या’ बीसीएमपैकी बऱ्याच डब्यांत प्रोसेसर ठीक असतो, एखादा रिले चिकटलेला असतो, एखादा मॉसफेट जळलेला असतो किंवा सोल्डरिंग सुटलेलं असतं. तोच बोर्ड दुरुस्त केला तर कोडिंगची गरजच पडत नाही, कारण गाडीची ओळख त्याच डब्यात शाबूत असते. आणि फोनच्या बोर्डवर याहून दहापट बारीक भाग हॉट एअरने उचलणारी मुलं वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीरच्या मोबाइल दुकानांत बसली आहेत. ऑटो इलेक्ट्रिशियन गाडीचं निदान करणार, मोबाइलवाला बोर्ड करणार, अशी जोडी जमू लागली तर तिला काम कमी पडणार नाही. एअरबॅग आणि ब्रेकचे डबे मात्र या खेळात नको, तिथे एक सुटलेला जोड जिवावर बेततो.

काउंटरवर उभे असताल तेव्हा

‘बीसीएम बदला’ असं कुणी म्हणालं तर कोणते कोड आले ते जॉब कार्डवर लिहून मागा. निदानाचे पैसे तुम्ही देता, तेव्हा निदान तुमचं आहे. सप्लाय, अर्थ आणि सॉकेट तपासले का, झोपेतला करंट किती आला, हे विचारा. आकडा सांगता आला नाही तर तपासलं नाही असं समजा. जुना डबा परत मागा. गाडीचा चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल आहे का तेही बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने एक लाखाहून जास्त एक्सयूव्ही ७०० गाड्या इंजिनजवळच्या वायरिंगला घासून काप जाण्याच्या शक्यतेसाठी तपासायला बोलावल्या होत्या, आणि असं काम फुकट होतं.

बाहेर दुरुस्ती केली म्हणून पूर्ण वॉरंटी गेली असं सांगितलं तर ते लेखी द्या म्हणा. बहुतेक वेळा लेखी मिळत नाही आणि सूर बदलतो. नाहीच बदलला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, सेंटर अकोल्याला असो की नागपूरला, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टलवरून हे फोनवरच दाखल होतं. जॉब कार्डचा आणि बिलाचा फोटो तेवढा जपून ठेवा.